भरवशाचे कारभारी

अमेरिकेतल्या गुंतवणूक व्यवसायाची 2017 साली एक मोजदाद झाली. नाइट फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक जॉश लर्नर यांच्या चमूकडून ती करून घेतली होती. सुमारे 71.4 लाख कोटी डॉलर त्यात जमेस धरले होते, आणि त्यांतला जेमतेम 1.1 टक्का पैसा स्त्रियांच्या किंवा वांशिक अल्पसंख्याकांच्या मालकीच्या कंपन्यांकडे होता. 2021 साली पुन्हा मोजले तेव्हा हे प्रमाण 1.4 टक्क्यांवर गेले होते. मोजलेल्या एकूण पैशातला मोठा हिस्सा मूठभर धनाढ्यांचा नव्हे, तर संस्थांचा आहे: शिक्षकांचे, परिचारिकांचे, पोलिसांचे, बसचालकांचे निवृत्तिवेतन, विद्यापीठांचे आणि धर्मादाय न्यासांचे कायम निधी. ज्यांच्या घामाचा हा पैसा आहे ती माणसे आणि तो सांभाळणारी माणसे यांच्यात एवढी तफावत का पडली? याला दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हणते, उघड भेदभाव झाला. दुसरे म्हणते, ज्यांच्या अंगी गुण होते ते निवडले गेले. इतिहास पाहिला तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. संस्थांनी कारभारी निवडताना कौशल्य फारसे मोजलेच नाही. त्यांनी नावलौकिक मोजला. आणि नावलौकिक कमावण्याची संधी ज्या काळात वाटली गेली, त्या काळात बहुतेकांना उंबरठ्याबाहेर ठेवले होते. जुन्या बंदीचे रूपांतर पुढे पात्रतेच्या अटींमध्ये झाले, आणि अटी कागदावर सर्वांना सारख्याच असल्यामुळे कुणाला त्यांत खोट दिसली नाही.

या निवडीचे कायदेशीर मूळ मॅसेच्युसेट्समध्ये सापडते. बोस्टनच्या जॉन मॅक्लीन यांनी 50,000 डॉलर विश्वस्तांच्या हवाली केले होते. उत्पन्न पत्नीला मिळावे आणि तिच्या पश्चात रक्कम हार्वर्ड कॉलेज व मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांना जावी, अशी त्यांची इच्छा होती. विश्वस्तांनी पैसा कापडगिरण्यांच्या आणि विमा कंपन्यांच्या शेअरमध्ये घातला, भाव पडले आणि रक्कम बरीच घटली. लाभार्थी संस्था कोर्टात गेल्या. 1830 साली न्यायमूर्ती सॅम्युएल पटनम यांनी विश्वस्तांच्या बाजूने निकाल दिला. जोखीम कुठल्याही गुंतवणुकीत असतेच. विचारी आणि जाणते लोक स्वतःच्या पैशाचा कारभार ज्या सावधपणे करतात त्याच सावधपणे विश्वस्त वागले की नाही एवढेच पाहायचे, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल उदार होता, व्यवहार्यही होता. पुढे न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी सरकारी रोखे आणि गहाणखते यांपुरतीच विश्वस्तांना मोकळीक दिली, त्या मानाने तर तो फारच पुढचा म्हणावा लागेल. मात्र त्याने मापदंड ठरवला तो रिवाजाचा. आधीच कारभार करणारी मंडळी जे करतात ते शहाणपणाचे, आणि चारचौघांनी जे केले ते आपणही केले तर अंगाशी येणार नाही, ही सवय विश्वस्तांना इथून लागली. वेगळे काही करून तोटा झाला तर जाब द्यावा लागतो. सगळ्यांबरोबर तोटा झाला तर बाजाराला दोष देता येतो.

नामांकित माणसांच्या हाती पैसा सुरक्षित राहतो, या समजुतीची कठोर परीक्षा त्याच शतकात झाली. यादवी युद्ध संपत आले असताना, 3 मार्च 1865 रोजी, लिंकन यांच्या सहीने फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेची सनद निघाली. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची आणि कृष्णवर्णीय सैनिकांची बचत ठेवण्यासाठी ही पेढी होती. ठेवीदार बहुतांश कृष्णवर्णीय, तर विश्वस्तपदी सुरुवातीला न्यूयॉर्कचे प्रतिष्ठित गोरे व्यापारी आणि समाजसुधारक. पैसा प्रामुख्याने सरकारी रोख्यांतच घालायचा, अशी सनदेची मूळ अट होती. 1870 साली ती सैल करून स्थावर मालमत्तेवर कर्ज देण्याची मुभा घेण्यात आली. अर्थसमितीवर हेन्री कुक होते. त्यांचे बंधू जे कुक म्हणजे युद्धकाळात सरकारी रोखे विकून देशभर नाव झालेले बँकर. त्या काळी याहून भरवशाचे नाव शोधून सापडले नसते. याच वर्तुळातल्या उद्योगांना ठेवीदारांचा पैसा कर्जाऊ गेला. सप्टेंबर 1873 मध्ये जे कुक यांची पेढी कोसळली आणि देशभर मंदीची लाट आली. मार्च 1874 मध्ये अध्यक्षपद कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांच्याकडे देण्यात आले तेव्हा बँक आतून पोखरली गेली होती. डग्लस यांनी पदरचे 10,000 डॉलर घातले, पण उपयोग झाला नाही. जून 1874 अखेर बँक बंद पडली. सुमारे 61,000 ठेवीदारांचे जवळपास 30 लाख डॉलर अडकले. ठेवीदारांना कारभार कळत नव्हता म्हणून ही बँक बुडाली नाही. कारभाऱ्यांना जाब विचारू शकेल असे त्यांच्या वर्तुळाबाहेरचे कुणी आत नव्हते, म्हणून ती बुडाली.

विसाव्या शतकात हा पैसा अफाट वाढला. 1950 साली जनरल मोटर्सने आपल्या कामगारांच्या पेन्शन निधीतून शेअर खरेदी करायचे ठरवले आणि इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. कामगारांच्या निवृत्तिनिधीच्या रूपाने अमेरिकी उद्योगांची मालकीच कामगारांकडे सरकते आहे, असे व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी 1976 मध्ये लिहिले. मालकी सरकली तरी कारभार मात्र सरकला नाही. बहुतेक पैसा मोठ्या बँकांच्या ट्रस्ट विभागांकडे आणि विमा कंपन्यांकडेच राहिला. ट्रस्ट विभागांतली मंडळी एकसारख्या घरांतून, एकसारख्या कॉलेजांतून आलेली होती, आणि त्यांच्या शेअरच्या याद्याही एकसारख्याच होत्या. निवडक पन्नास बड्या कंपन्यांच्या शेअरवर सगळ्यांची भिस्त होती. 1973-74 च्या मंदीत ते सगळे एकदम आपटले. 2 सप्टेंबर 1974 रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी खासगी पेन्शन निधींसाठीच्या ‘एरिसा’ कायद्यावर सही केली. विश्वस्ताने जाणकाराच्या सावधपणे वागावे, हा 1830 चा सूर त्यात होताच; शिवाय मोठा तोटा टाळण्यासाठी गुंतवणूक विभागून ठेवावी, असे बंधनही त्याने घातले. सरकारी कर्मचाऱ्यांचे निधी या कायद्याबाहेर राहिले, तरी त्यांनीही हीच रीत उचलली.

कायद्याने व्यवस्थापक कोण असावा याविषयी काहीच म्हटले नव्हते. ती जागा सल्लागार कंपन्यांनी भरून काढली. जॉर्ज रसेल यांनी 1969 मध्ये जे. सी. पेनी या दुकानसाखळीच्या पेन्शन निधीला व्यवस्थापक निवडून देण्याचे काम घेतले, आणि पाहता पाहता तो एक स्वतंत्र धंदा झाला. हजारो व्यवस्थापकांतून दहा नावे निवडायची तर चाळणी लागते. चाळणी ठरून गेली: तीन किंवा पाच वर्षांची कामगिरी दाखवा, अमुक कोटी डॉलर आधीपासून हाताशी असू द्या, आमचा पैसा तुमच्या एकूण निधीच्या ठरावीक टक्क्यांहून जास्त भरता कामा नये. यांतली एकही अट जात, वर्ण किंवा लिंग विचारत नाही. विश्वस्ताला त्या सोयीच्या होत्या, कारण उद्या जाब द्यायची वेळ आली तर कागद दाखवता येतो. पण ज्याच्याकडे आधी पैसा आला त्याच्याकडेच पुढचा पैसा जाईल, ही व्यवस्था या अटींनी पक्की केली.

पहिला पैसा कुणाकडे येऊ शकत होता, हे त्याच काळाच्या नोंदींवरून समजते. म्युरिएल सीबर्ट यांनी न्यूयॉर्क शेअर बाजाराचे सभासदत्व मागितले तेव्हा शिफारशीसाठी त्यांनी विचारलेल्या पहिल्या दहांपैकी नऊ जणांनी नकार दिला. सभासदत्वाची किंमत होती 4,45,000 डॉलर. बाजाराने त्यांच्याकडून बँकेचे पत्र मागितले की यांतले 3,00,000 डॉलर आम्ही कर्ज देऊ. आणि बँका म्हणत, आधी बाजाराने प्रवेश देतो म्हणावे, मग पत्र देऊ. या चक्रातून बाहेर पडायला त्यांना जवळपास दोन वर्षे लागली. 28 डिसेंबर 1967 रोजी त्या सभासद झाल्या, आणि पुढची दहा वर्षे त्या बाजारातल्या एकट्याच स्त्री सभासद होत्या. जोसेफ सर्ल्स 1970 मध्ये पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. डॅनियल्स अँड बेल ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची पहिली सभासद पेढी 1971 ची. आता सालांची वजाबाकी करून पाहावी. ज्यांना दार 1967 ते 1971 या काळात किलकिले झाले, त्यांच्याकडे एरिसा कायदा आला त्या दिवशी दीर्घ कामगिरी आणि कोट्यवधींचा निधी कुठून असणार? अटी लागू झाल्या त्या क्षणीच निकाल ठरलेला होता. त्यासाठी कुणी दुष्ट हेतू बाळगायची गरजच उरली नव्हती.

निकाल बदलला तो जिथे कुणी मुद्दाम अट बदलली तिथे. 1983 साली दोन कंपन्या निघाल्या. टी. रो प्राइस या गुंतवणूक कंपनीत अनुभव घेतलेल्या एडी ब्राउन यांनी बाल्टिमोरमध्ये ब्राउन कॅपिटल काढली, तर अवघ्या चोविशीतल्या जॉन रॉजर्स यांनी शिकागोत एरिएल. एरिएलवर सुरुवातीला विश्वास टाकला तो हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाने. याच काळात मोठ्या शहरांत कृष्णवर्णीय महापौर निवडून येत होते. अटलांटात 1973 मध्ये निवडून आलेल्या मेनार्ड जॅक्सन यांनी विमानतळाच्या कंत्राटांपासून या प्रश्नाला हात घातला; शिकागोत 1983 मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन आले. नगरपालिकांचे रोखे आणि निधी कुणामार्फत हाताळले जातात, हा प्रश्न निवडणुकीच्या राजकारणातून पुढे आला. 1990 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्रोग्रेस इन्व्हेस्टमेंट मॅनेजमेंट निघाली. मोठ्या निधीकडून रक्कम घेऊन ती अनेक छोट्या व्यवस्थापकांत वाटायची आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायची, ही तिची पद्धत. छोट्या कंपनीला संस्थेचा पैसा मिळेना, कारण ती छोटी. आणि ती मोठी होईना, कारण पैसा मिळेना. ही गाठ प्रोग्रेसने मधल्यामध्ये सोडवली. टेक्सासच्या शिक्षक निवृत्तिनिधीने 2005 मध्ये नव्या व्यवस्थापकांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. इलिनॉयने तर ‘उदयोन्मुख व्यवस्थापक’ कुणाला म्हणायचे हे पेन्शन कायद्यातच लिहिले: मालकी स्त्रिया, अल्पसंख्य किंवा अपंग व्यक्तींची, आणि निधी किमान 1 कोटी व 10 अब्ज डॉलरच्या आत. 2015 मध्ये अशा कंपन्यांकडे किमान 20 टक्के निधी असावा, असे सक्तीचे नसलेले उद्दिष्टही तिथे आले. नाइट फाउंडेशनने स्वतःच्या निधीतही पद्धत बदलली आणि काही वर्षांत त्याचा एक-पंचमांशाहून अधिक भाग अशा कंपन्यांकडे गेला.

मूळच्या अटी सुरक्षिततेसाठीच होत्या, असे म्हणावे तर 1994 चे एक उदाहरण आड येते. सॉलोमन ब्रदर्स या बड्या पेढीतून सरकारी रोख्यांच्या लिलावातल्या घोटाळ्यानंतर बाहेर पडलेले जॉन मेरीवेदर यांनी लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट काढली. निधीचे नाव नवे, स्वतःची कामगिरी शून्य दिवसांची. तरी सुरुवातीलाच सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम गोळा झाली, आणि इटलीच्या परकीय चलन कार्यालयासारख्या सरकारी संस्थेनेही त्यात पैसा घातला. भागीदारांमध्ये रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते. दोघांना 1997 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. 1998 मध्ये निधी कोसळला आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने 14 वित्तसंस्थांना 3.6 अब्ज डॉलर घालून तो सावरावा लागला. बुडण्याचा दोष तूर्त बाजूला ठेवू. हुशार माणसेही बुडतात. प्रश्न प्रवेशाचा आहे. ओळखीची, मानाची नावे आली तेव्हा पाच वर्षांच्या कामगिरीची अट कुणाला आठवली नाही. जी अट एकासाठी भिंत आणि दुसऱ्यासाठी पडदा होते, ती सुरक्षिततेची अट म्हणता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. विश्वस्ताचे कर्तव्य लाभार्थींना परतावा मिळवून देण्याचे आहे. समाजाचे हिशेब चुकते करण्याचे काम पेन्शन निधीवर टाकू नये. आक्षेपातले तत्त्व मान्य करून पुढे जाऊ. मग प्रचलित निवडीने परतावा मिळवून दिला का, हेच तपासायला हवे. अमित गोयल आणि सुनील वहाल यांनी 1994 ते 2003 या काळातल्या सुमारे 3,400 निधींच्या निर्णयांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. निधी ज्या व्यवस्थापकांना नेमतात त्यांनी नेमणुकीआधी बाजाराहून बरीच सरस कामगिरी केलेली असते. नेमणुकीनंतर मात्र तो वरचढपणा उरत नाही. ज्यांना काढले त्यांनाच ठेवले असते, तरी निधींचे काही बिघडले नसते. सल्लागार कंपन्यांच्या शिफारशींचा ऑक्सफर्डच्या टिम जेंकिन्सन आणि सहकाऱ्यांनी असाच अभ्यास केला. शिफारशीमागोमाग पैसा धावतो, पण शिफारस झालेले व्यवस्थापक इतरांपेक्षा सरस ठरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. दुसरीकडे लर्नर यांच्या अभ्यासात स्त्रिया आणि अल्पसंख्याकांच्या मालकीच्या कंपन्यांची कामगिरी इतरांहून वेगळी दिसली नाही. फरक नाही तर त्यांना का नेमावे, असे कुणी विचारते. गणित मात्र उलट्या बाजूने मांडले पाहिजे. कामगिरी सारखी असताना वाटा 1.1 टक्का पडत असेल, तर तो वाटा कामगिरीवरून ठरलेला नाही. विविधतेने परतावा वाढतो असा दावा मी करत नाही आणि या युक्तिवादाला त्याची गरजही नाही.

दुसरा आक्षेप असा की मुळात या व्यवसायात येणाऱ्या स्त्रिया आणि अल्पसंख्य कमी आहेत. दाराशी उभेच कमी तर आत कमी दिसणारच. यात तथ्य आहे आणि तफावतीचा काही भाग यानेच समजतो. सगळा मात्र समजत नाही, कारण दाराशी आलेल्यांकडे कसे पाहिले जाते याचाही पुरावा आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये 180 व्यावसायिक गुंतवणूकदारांपुढे काल्पनिक निधींच्या माहितीपत्रिका ठेवल्या, काही गोऱ्या आणि काही कृष्णवर्णीय प्रमुखांच्या. कामगिरी उत्तम असतानाच कृष्णवर्णीयांचे निधी मागे पडले. म्हणजे गुण दाखवला की दार उघडते, हे आश्वासन नेमके गुणवंतांच्याच बाबतीत खोटे ठरले. आपल्याकडच्या वाचकांना आणखी एक अभ्यास जवळचा वाटेल. आलोक कुमार, अलेक्झांड्रा नीसन-रुएन्झी आणि ऑलिव्हर श्पाल्ट यांनी 2015 मध्ये दाखवले की परदेशी वाटणारे नाव असलेल्या व्यवस्थापकाच्या अमेरिकी म्युच्युअल फंडात वर्षाकाठी सुमारे 10 टक्के कमी पैसा येतो, आणि 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर ही दरी वाढली. तिथे स्थिरावलेल्या मराठी आडनावांनाही हे लागू पडणार. कामगिरी तीच, पैसा कमी. आणि आलेला पैसा हीच पुढच्या नेमणुकीची पात्रता.

तिसरा आक्षेप कायद्याचा आणि समतेचा आहे. रिचमंड शहराने कंत्राटांतला 30 टक्के वाटा अल्पसंख्याकांसाठी राखला होता. निम्मी वस्ती कृष्णवर्णीय असताना मुख्य कंत्राटांपैकी 0.67 टक्केच त्यांच्याकडे जात होती. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली: राज्यांच्या आणि स्थानिक सरकारांच्या वर्णावर आधारलेल्या कोणत्याही वाटपाला कठोरातली कठोर कसोटी लागेल. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव 209 संमत करून सरकारी कंत्राटांत वर्ण किंवा लिंग पाहून प्राधान्य देण्यास मनाई केली. शिवाय मालकीवरून टक्केवारी ठरवली की नावापुरते मालक उभे करण्याचा मोह होतो, आणि राजकारण्यांच्या हाती निवड गेली की काय होते ते न्यूयॉर्क राज्याने पाहिले. पेन्शन निधीच्या गुंतवणुकीच्या बदल्यात लाभ घेतल्याचे तिथले माजी नियंत्रक ॲलन हेवेसी यांनी 2010 मध्ये कबूल केले. हे सगळे धोके खरे आहेत. म्हणूनच कॅलिफोर्नियातला अनुभव मोलाचा ठरतो. तिथल्या कॅलपर्स या अवाढव्य निधीने आपल्या कार्यक्रमात वर्ण न विचारता कंपनी किती नवी आणि किती लहान एवढेच विचारले. 2017 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही सुचवलेले उपाय आरक्षणाचे नव्हते. वरिष्ठांनी लक्ष घालावे, अनावश्यक अटी काढाव्यात, नव्या कंपन्यांपर्यंत पोचावे आणि सल्लागारांना आपली अपेक्षा स्पष्ट सांगावी, असे ते होते.

लहान कंपन्यांवर देखरेखीचा खर्च जास्त येतो, त्यांतल्या काही टिकतही नाहीत, हा व्यवहारी आक्षेप उरतो. खर्च मोजावा, आणि तो मोजताना फ्रीडमन्स बँकेचा, 1973-74 चा आणि 1998 चा हिशेबही शेजारी मांडावा. मोठ्या नावांवर देखरेख स्वस्त पडली, कारण ती नीट केलीच नव्हती. दोनशे वर्षांच्या या वाटचालीत पुराव्याचा भार कायम नव्याने आलेल्यावर टाकला गेला: तू भरवशाचा आहेस हे सिद्ध कर. अटीने मात्र कधीच सिद्ध केले नाही की ती भरवसा मोजते. विश्वस्ताच्या कर्तव्याचा अर्थ काटेकोरपणे लावला तर हा भार उलटा करावा लागतो. प्रत्येक निधीने आपल्या निवडीची एकेक अट जुन्या नोंदींवर घासून पाहावी. जिच्यामुळे पुढचा परतावा सुधारल्याचे दिसते ती ठेवावी, बाकीच्या काढून टाकाव्यात. त्यानंतर जी यादी तयार होईल ती कशीही दिसो, ती निवडीची यादी असेल. आजची यादी बरीचशी वारशाची आहे.